‘फोर्थ फ्लोअर’ : न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत मोजलेला एक ‘र’

नोव्हेंबर १९६२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या तीन मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये एक माणूस हिंडत होता. समोर दिसेल त्या विक्रेत्याला तो विचारायचा, अमुक वस्तू कुठे मिळेल? वस्तू अशी निवडलेली, की उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’, म्हणजे चौथा मजला, असंच यावं. त्या मजल्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. ‘फोर्थ’ आणि ‘फ्लोअर’ या दोन शब्दांत स्वरानंतर येणारा ‘र’ समोरचा माणूस उच्चारतो की गिळतो, एवढंच त्याला ऐकायचं होतं.

त्याचं नाव विल्यम लबोव्ह. भाषाशास्त्राकडे वळण्यापूर्वी तो एका उद्योगात रसायनतज्ज्ञ होता. शाईची मिश्रणं करणं आणि तपासणं हे त्याचं काम. कोलंबिया विद्यापीठात उरिएल वाइनराइख यांच्याकडे पीएचडी करताना त्याने ही तपासणी केली. पुढे लोअर ईस्ट साइड या भागात घरोघरी मुलाखती घेऊन मोठा अभ्यास झाला, १९६६ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि समाजभाषाविज्ञान नावाच्या शाखेचा पाया पक्का झाला. दुकानांतली पाहणी त्या इमारतीच्या आधी घेतलेला मातीचा नमुना म्हणता येईल. इंग्रजीच्या बोलींमध्ये व्यंजनं कशी बदलतात हे समजून घ्यायला याहून आटोपशीर प्रकरण सापडणं कठीण आहे.

हा ‘र’ नेमका कोणता

मराठी ‘र’ उच्चारताना जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या उंचवट्यावर झटकन आपटतं. अमेरिकी इंग्रजीचा ‘र’ तसा नाही. त्यात जीभ कशालाच टेकत नाही. काही जण टोक वर-मागे वळवतात, काही जण टोक खाली ठेवून जिभेचा मधला भाग वर गोळा करतात. करण्याच्या तऱ्हा दोन असल्या तरी कानाला फरक कळत नाही. ध्वनिलेखात मात्र दोन्हींची एक खूण पक्की असते: तिसरा फॉर्मंट, म्हणजे तोंडाच्या पोकळीत घुमून ठळक होणाऱ्या कंपनपट्ट्यांपैकी खालून तिसरा, खाली उतरतो. पुरुषाच्या आवाजात साध्या मोकळ्या स्वरासाठी तो २,५०० हर्ट्‌झच्या आसपास असतो, या ‘र’साठी २,००० च्या खाली घसरतो.

न्यूयॉर्कमध्ये हा ‘र’ गळतो तेव्हा त्याच्या जागी पोकळी राहत नाही. आधीचा स्वर लांबतो किंवा त्याला हलकासा ‘अ’ चिकटतो. ‘फोर्थ फ्लोअर’चं होतं ‘फोऽथ फ्लोअ’. यातून काही जोड्या एकरूप होतात: ‘सोर्स’ आणि ‘सॉस’ सारखेच ऐकू येतात, ‘गार्ड’ आणि ‘गॉड’सुद्धा.

‘र’ कुठे गळतो याला नियम आहे. स्वराच्या आधीचा ‘र’ कुणीच गाळत नाही, ‘रेड’ सगळे ‘रेड’च म्हणतात. शब्दाच्या शेवटी ‘र’ असला आणि पुढचा शब्द स्वराने सुरू झाला, तर एरवी गाळणाऱ्यांच्या तोंडीही तो बहुधा परत येतो. इंग्लंडमध्ये याच सवयीतून ‘लॉ अँड ऑर्डर’ चं ‘लॉ-र-अँड ऑर्डर’ होतं, म्हणजे जिथे ‘र’ कधी नव्हताच तिथेही तो शिरतो. दुकानांतल्या पाहणीची रचना समजून घेताना हा नियम लक्षात ठेवायला हवा.

मराठी माणसाला ही गोष्ट थोडी विचित्र वाटते, कारण आपण इंग्रजी शिकलो ते बहुतेक छापील अक्षरांवरून. लिहिलंय ना, मग म्हणायचं. पार्क, कार, डॉक्टर, सर्कस हे शब्द मराठीत आले ते रफारासकट आणि ‘र’सकट. ज्या इंग्रजांचं राज्य होतं, त्यांच्यातले कित्येक तो ‘र’ उच्चारतच नव्हते, हे आपल्या कानांनी फारसं मनावर घेतलं नाही.

प्रतिष्ठा फिरली कशी

‘र’ गाळण्याची सुरुवात आग्नेय इंग्लंडातली. जॉन वॉकर यांच्या १७९१ च्या उच्चारकोशात नोंद आहे की लंडनमध्ये ‘बार्ड’, ‘कार्ड’ अशा शब्दांतला ‘र’ इतका घशात जातो की लांबवलेल्या ‘आ’पलीकडे फारसं काही उरत नाही. इंग्लंडशी व्यापाराने आणि शिष्टाचाराने जोडलेल्या अमेरिकी बंदरांनी ही लकब उचलली: बॉस्टन, न्यूयॉर्क, रिचमंड, चार्ल्सटन, सव्हाना. फिलाडेल्फियाने मात्र ‘र’ सोडला नाही. देशाच्या आतल्या भागांतही तो टिकला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत न्यूयॉर्कमध्ये ‘र’ गाळणं हे कमी शिकलेल्याचं लक्षण नव्हतं. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट हडसन खोऱ्यातल्या श्रीमंत घराण्यातले, तेही गाळत. १९३३ च्या त्यांच्या पहिल्या अध्यक्षीय भाषणातला ‘फिअर’ ऐका, शेवटी ‘र’ नाही. शहराच्या गरीब वस्तीत वाढलेले गव्हर्नर अल स्मिथ, तेही गाळत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास काटा फिरला. एनबीसी या रेडिओ कंपनीसाठी १९४३ मध्ये तयार झालेल्या उच्चार-मार्गदर्शिकेत ‘र’ स्पष्ट उच्चारणारी, देशाच्या आतल्या भागातली धाटणी प्रमाण धरलेली आहे. ब्रिटिश वळणाचा दरारा ओसरला आणि ज्या शहराचा आपला ‘र’ कधीच गेला होता, तिथे बाहेरून आलेला ‘र’ मानाचा ठरला.

म्हणजे १९६२ चं न्यूयॉर्क हे मधल्या अवस्थेतलं शहर होतं. एकच माणूस एका वाक्यात ‘र’ म्हणायचा, पुढच्या वाक्यात गाळायचा. तोवरचे अभ्यासक याला ‘मुक्त पर्याय’ म्हणून सोडून देत, म्हणजे केव्हा काय येईल याला नियम नाही. लबोव्हचा दावा होता की नियम आहे, फक्त तो एका माणसाच्या तोंडात शोधला तर दिसत नाही. शहराच्या उतरंडीत शोधावा लागतो.

दुकानंच का

उतरंड मोजायची तर एरवी माणसाचं शिक्षण, मिळकत, धंदा विचारावा लागतो. ते विचारलं की माणूस सावध होतो, जपून बोलू लागतो, आणि जे ऐकायचं तेच बदलतं. लबोव्हने ही अडचण उलटी सोडवली. माणसांची वर्गवारी त्याने केलीच नाही, ती दुकानांनी आधीच करून ठेवलेली होती.

वरचं दुकान सॅक्स फिफ्थ अव्हेन्यू, ५० व्या रस्त्याजवळ, उंची फॅशनच्या मध्यभागी. मधलं मेसीज, हेरल्ड स्क्वेअरला ३४ व्या रस्त्यावर, मध्यमवर्गाचं. खालचं एस. क्लाइन, युनियन स्क्वेअरला १४ व्या रस्त्याजवळ, स्वस्ताईचं. हा क्रम नुसत्या ऐकीव लौकिकावर ठेवला नव्हता. ऑक्टोबर १९६२ मधल्या चार दिवसांच्या जाहिराती मोजल्या गेल्या. कामगारवर्गात खपणाऱ्या ‘डेली न्यूज’मध्ये सॅक्सचं एकही पान नाही, मेसीजची १५, क्लाइनची १०. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये क्लाइनची जेमतेम पाव पान जाहिरात. बायकांचा कोट सॅक्समध्ये ९० डॉलर, क्लाइनमध्ये २३. किंमत छापायची पद्धतसुद्धा बोलकी होती. सॅक्स पूर्णांक छापायचं, जणू सेंटांचा विषय काढणं खालच्या दर्जाचं. मेसीजच्या किमती ९५ सेंटांवर संपायच्या. क्लाइन जुनी किंमत शेजारी छापून ती किती उतरवली ते दाखवायचं. सॅक्सच्या वरच्या मजल्यांवर गालिचे आणि मोजकाच माल, क्लाइनमध्ये ठेंगणी छतं, उतरते काँक्रीटचे मजले आणि खच्चून भरलेले कपडे.

इथे एक शंका रास्त आहे. ही प्रतिष्ठा ग्राहकांची झाली, तपासायचे होते विक्रेते. सॅक्सच्या विक्रेत्यांना मेसीजपेक्षा जास्त पगार मिळत होता असंही नाही. मेसीजमध्ये कामगार संघटना जोरात होती. लबोव्हचं म्हणणं असं की विक्रेता ज्या गिऱ्हाइकांसमोर दिवसभर उभा असतो, त्यांच्या बोलण्याचा रंग त्याला लागतो, आणि दुकानही नोकरीवर घेताना तसलीच माणसं निवडतं. यातलं निवडणं किती आणि रंग लागणं किती, हे या पाहणीवरून वेगळं काढता येत नाही. काढायची गरजही नव्हती. दुकान आणि बोलणं यांचा मेळ बसतो की नाही, एवढाच प्रश्न होता.

पद्धत, पायरीपायरीने

आधी दुकानाच्या फलकावरून चौथ्या मजल्यावर काय मिळतं ते पाहायचं. मग चौथा सोडून इतर मजल्यांवरच्या विक्रेत्याला विचारायचं: ‘एक्सक्यूज मी, व्हेअर आर द विमेन्स शूज?’ उत्तर येतं, ‘फोर्थ फ्लोअर.’ हा झाला सहज उच्चार. मग थोडं पुढे वाकून, नीट ऐकू न आल्यासारखं, पुन्हा ‘एक्सक्यूज मी?’ विक्रेता बहुधा तेच शब्द ठासून म्हणतो. हा झाला ठाशीव उच्चार. प्रत्यक्ष चौथ्या मजल्यावर गेल्यावर प्रश्न बदलायचा: ‘हा कितवा मजला?’ मग दोन पावलं पुढे जाऊन, विक्रेत्याला दिसणार नाही अशा जागी, वहीत टिपून घ्यायचं.

एका माणसाकडून अशा चार जागा मिळतात: सहज ‘फोर्थ’, सहज ‘फ्लोअर’, ठाशीव ‘फोर्थ’, ठाशीव ‘फ्लोअर’. ‘र’ स्पष्ट असेल तर एक, स्वर नुसता लांबला किंवा ‘अ’ आला तर शून्य, ठरवता येत नसेल तर ती नोंद बाजूला. सोबत दुकान, मजला, स्त्री की पुरुष, पाच-पाच वर्षांच्या टप्प्यात अंदाजे वय, काम कोणतं, वंश, आणि बोलण्यात परदेशी किंवा परप्रांती छटा असल्यास तीही. ‘फोर्थ’मधला ‘थ’ कुणी ‘ट’सारखा म्हटला, तर तीही नोंद.

सॅक्समध्ये ६८ जण, मेसीजमध्ये १२५, क्लाइनमध्ये ७१. एकूण २६४ माणसं, सगळा मिळून वेळ सुमारे साडेसहा तास. माणशी दीड मिनिटही नाही.

या दोन शब्दांची निवड वाटते त्याहून बारकाईची आहे. दोन्हींत ‘र’च्या आधीचा स्वर तोच, त्यामुळे स्वराचा परिणाम आड येत नाही. ‘बर्ड’, ‘वर्क’ घेतले असते तर घोळ झाला असता, कारण त्या स्वराचा न्यूयॉर्कमधला इतिहास निराळा. जुन्या पिढीत त्याचं ‘बॉइड’ होई. एका शब्दात ‘र’ व्यंजनाआधी आहे, दुसऱ्यात अगदी शेवटी. आणि ‘फ्लोअर’नंतर बोलणं थांबतं, हे सगळ्यांत मोलाचं. विक्रेता ‘फोर्थ फ्लोअर ओव्हर देअर’ म्हणाला, तर पुढचा ‘ओ’ एरवी गाळणाऱ्याचाही ‘र’ ओढून आणतो आणि नोंद फसते. दोन शब्दांत संपणारं उत्तर मिळेल असा प्रश्न शोधणं, हीच खरी कारागिरी होती.

आकडे

एकदा तरी ‘र’ उच्चारलेले: सॅक्समध्ये ६२ टक्के, मेसीजमध्ये ५१, क्लाइनमध्ये २०. प्रत्येक वेळी ‘र’ उच्चारलेले: अनुक्रमे ३०, २० आणि ४ टक्के. दुकानांचा क्रम आणि ‘र’चा क्रम एकच.

पाठ्यपुस्तकं बहुधा इथे थांबतात. पण हे आकडे थोडे हलवून पाहायला हवेत. नमुन्याचा आकार धरून चूक-मर्यादा काढली, तर सॅक्सचे ६२ टक्के वरखाली साधारण ११ ते १२ अंकांनी सरकू शकतात, मेसीजचे ५१ नऊएक अंकांनी. म्हणजे सॅक्स आणि मेसीज यांतलं ११ अंकांचं अंतर, एकटं धरलं तर, योगायोगानेही पडू शकेल इतकं आहे. मेसीज आणि क्लाइन यांतली ३१ अंकांची दरी मात्र कशीही मोजा, बुजत नाही. पाहणीचं बळ या एका आकड्यात नाहीच. ते क्रम टिकण्यात आहे: चारही जागी सॅक्स वर, मेसीज मध्ये, क्लाइन खाली.

चारही जागांचे ‘र’चे टक्के असे. सॅक्स: सहज ‘फोर्थ’ ३०, सहज ‘फ्लोअर’ ६३, ठाशीव ‘फोर्थ’ ४०, ठाशीव ‘फ्लोअर’ ६४. मेसीज: २७, ४४, २२, ६१. क्लाइन: ५, ८, १३, १८.

शब्दाच्या शेवटचा ‘र’ व्यंजनाआधीच्या ‘र’पेक्षा सगळीकडे जास्त येतो, हा भाषेचा नियम, वर्गाशी त्याचा संबंध नाही. आता मेसीजच्या ‘फ्लोअर’कडे पाहा. सहज बोलताना ४४, ठासून म्हणताना ६१, म्हणजे जवळपास सॅक्सच्या बरोबरीला. सॅक्सचे लोक ६३ वरून ६४ वर, हललेच नाहीत. लबोव्हने याचा अर्थ असा लावला: मेसीजच्या विक्रेत्यांना ‘बरोबर’ उच्चार कोणता ते पुरतं ठाऊक आहे, पण तो त्यांच्या अंगवळणी पडलेला नाही, कुणी पुन्हा विचारलं की तो बाहेर येतो. सॅक्सच्या लोकांना पुन्हा विचारल्याने काही सुधारायचं राहत नाही. भाषेच्या बाबतीत सगळ्यांत अस्वस्थ मधला थर असतो, हा त्याचा पुढचा मोठा सिद्धान्त याच दोन आकड्यांतून डोकावतो.

हा अर्थ आकर्षक आहे, पण ‘फोर्थ’चा रकाना त्याला साथ देत नाही. मेसीजचा ठाशीव ‘फोर्थ’ २७ वरून २२ वर उतरला आणि ‘हललेच नाहीत’ असं ज्यांच्याविषयी म्हटलं त्या सॅक्सचा ३० वरून ४० वर चढला. शिवाय सगळ्यांकडून चारही जागा मिळाल्या नाहीत, त्यामुळे रकान्यारकान्यातली माणसं तंतोतंत तीच नाहीत. मधल्या थराची अस्वस्थता खरी आहे, पण तिचा भक्कम पुरावा दुकानांत नसून पुढच्या घरोघरच्या मुलाखतींत आहे.

दुकानाच्या आतही उतरंड दिसली. सॅक्सच्या तळमजल्यावर, जिथे गर्दी आणि किरकोळ माल, निम्म्याहून कमी लोकांनी ‘र’ वापरला. गालिचे अंथरलेल्या वरच्या मजल्यांवर सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी. मेसीजमध्ये मजल्यावर देखरेख करणाऱ्यांत ‘र’ जास्त, विक्रेत्यांत मध्यम, माल लावणाऱ्या पोरांत कमी. ‘फोर्थ’चा ‘थ’ ‘ट’सारखा म्हणणारा सॅक्समध्ये एकही भेटला नाही, क्लाइनमध्ये सर्वांत जास्त भेटले. तीन दुकानांत कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय कर्मचाऱ्यांचं प्रमाण सारखं नव्हतं, त्यामुळे फरक वंशाचाच तर नाही ना, अशी शंका घेता येते. म्हणून फक्त न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या श्वेतवर्णीय विक्रेत्या स्त्रिया वेगळ्या काढून पाहिल्या. क्रम तोच राहिला.

वयाचा तक्ता सगळ्यांत कोड्यात टाकणारा. नवा उच्चार पसरतोय, तर तरुणांत तो जास्त हवा. सॅक्समध्ये तसंच आहे. मेसीजमध्ये उलटं: वय वाढतं तसा ‘र’ वाढतो. क्लाइनमध्ये वयाचा धड काहीच संबंध लागत नाही. याचं स्पष्टीकरण असं, की वरच्या थरातली तरुण पिढी नवा उच्चार लहानपणीच उचलते, जुनी पिढी मात्र आपल्या तरुणपणीच्या ‘र’विना उच्चारावर निर्धास्त राहते. खालच्या मध्यमवर्गातली माणसं चाळिशीला पोहोचेपर्यंत वरच्यांचं बोलणं ऐकून आपलं वळण बदलत राहतात, तेही वरच्या थरातल्या तरुणांकडे पाहून. नुसत्या सरासरीत हे दोन उलटे प्रवाह एकमेकांना खाऊन टाकतात. दुकानं वेगळी मोजली नसती, तर ‘वयाचा परिणाम नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघाला असता.

कुठे कच्चं आहे

टेप नव्हती. ऐकणारा एकच, आणि कोणत्या दुकानात काय ऐकू येईल याचा अंदाज बांधून आलेला. ‘र’ आहे आणि नाही यांमध्ये बरीच करडी जागा असते; तिथे कान अपेक्षेकडे झुकतो. लबोव्हने संशयित नोंदी बाजूला ठेवल्या हे बरं केलं, पण कोणती नोंद संशयित हेही त्याच कानाने ठरवलं. वय नजरेने ठरवलेलं. माणशी जास्तीत जास्त चार उच्चार, त्यामुळे ‘हा विक्रेता र म्हणणारा’ असं एकेकट्याविषयी काहीच म्हणता येत नाही, फक्त गटाविषयी म्हणता येतं.

बोलणाऱ्याला न सांगता नोंद घेणं हा मुद्दा आज अधिक कडकपणे पाहिला जातो. नावं नाहीत, आवाज साठवलेला नाही, प्रश्न दुकानात रोज शंभरदा विचारला जाणारा, म्हणून तो त्या काळी आणि पुढेही फारसा वादात सापडला नाही.

यातल्या बहुतेक शंकांना दुकानांबाहेरून उत्तर मिळालं. लोअर ईस्ट साइडच्या मुलाखती टेपवर होत्या, धंदा-शिक्षण-मिळकत विचारलेली होती, आणि बोलण्याचे पाच स्तर मुद्दाम घेतले होते: मोकळ्या गप्पा, जपून दिलेली उत्तरं, उताऱ्याचं वाचन, सुट्या शब्दांची यादी, आणि ‘गॉड-गार्ड’सारख्या जोड्या. सर्व थरांत सावधपणा वाढतो तसा ‘र’ वाढतो. शब्दांच्या यादीपाशी खालचा मध्यमवर्ग वरच्या मध्यमवर्गालाही मागे टाकून पुढे जातो. मेसीजच्या ‘फ्लोअर’ने जी कुजबुज केली होती, ती इथे मोठ्याने ऐकू येते. आणखी एक चाचणी मजेशीर होती. तुम्ही स्वतः हा शब्द कसा म्हणता, असं विचारलं तर बहुतेकांनी ‘र’वाला उच्चार आपला म्हणून निवडला, टेपवर काहीही असो. माणूस आपल्या बोलण्याविषयी सांगतो ते त्याचं उद्दिष्ट असतं, हे एकदा कळलं की भाषेच्या प्रश्नावल्यांवर विश्वास ठेवणं अवघड जातं.

पुन्हा केल्यावर

चांगल्या प्रयोगाची एक कसोटी म्हणजे तो दुसऱ्याला करता येतो का. १९८६ मध्ये जॉय फाउलर यांनी दुकानांची फेरी पुन्हा काढली. क्लाइनचं युनियन स्क्वेअरचं दुकान तोवर बंद झालं होतं, म्हणून त्या जागी मेज हे स्वस्ताईचं दुकान घेतलं. क्रम तोच निघाला, ‘र’ सगळीकडे वाढलेला, पण वाढ किरकोळ. चोवीस वर्षांत एवढंच! पुढे २००९ मध्ये पॅट्रिक-आंद्रे माथेर यांनी पुन्हा मोजलं, तेव्हा ‘र’ बराच पसरलेला आढळला. उंचीचा क्रम शिल्लक आणि सगळी शिडीच वर सरकलेली, असं चित्र.

या प्रकरणाची खरी उलटतपासणी मात्र अटलांटिकच्या पलीकडे होते. इंग्लंडमधलं रेडिंग हे शहर लंडनच्या पश्चिमेला, ‘र’ जपणाऱ्या नैर्ऋत्य बोलींच्या सीमेवर. तिथेही स्वरानंतरचा ‘र’ काही उच्चारतात, काही गाळतात. पण वरच्या वर्गात तो जवळपास नाहीच, कामगारवर्गात सर्वांत जास्त. तोच ध्वनी, तीच भाषा, उतरंड तंतोतंत उलटी. जो ‘र’ न्यूयॉर्कच्या विक्रेत्याला सॅक्समध्ये शोभला असता, तोच रेडिंगच्या माणसाला खेडवळ ठरवतो. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये तर बहुतेक सगळेच ‘र’ उच्चारतात.

हीच पद्धत इकडे लावायची तर

मराठीत या खेळाला तयार उमेदवार आहे: ‘ण’. पाणी-पानी, कोण-कोन ही अदलाबदल प्रदेश आणि थर दोन्हींप्रमाणे फिरते, आणि तिच्यावरून माणसाला तोलण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. समजा, मुंबईत ठाण्याला संपणारी लोकल फलाटावर उभी आहे. ‘ही गाडी कुठपर्यंत?’ असं विचारलं तर उत्तर येईल ‘ठाण्यापर्यंत’, आणि प्रयोग तिथेच बिघडेल: ‘ण’ला ‘य’ जोडला गेला, परिस्थिती बदलली. ‘शेवटचं स्टेशन कोणतं?’ विचारलं तर सुटं ‘ठाणे’ मिळतं, दोन स्वरांमधल्या ‘ण’सकट. ऐकू न आल्यासारखं करून दुसऱ्यांदा विचारायलाही फलाटावरचा गोंगाट आयताच मदतीला. हिंदीतून उत्तर देणारे वेगळ्या रकान्यात टाकावे लागतील, कारण हिंदीभाषकाच्या ‘न’चा या थरांशी संबंध नाही.

आज करायचं तर दोन ऐकणारे हवेत, एकमेकांच्या नोंदी न पाहता टिपणारे. परवानगीने ध्वनिमुद्रण करता आलं तर उत्तम. अमेरिकी ‘र’ असेल तर ‘प्रात’ या ध्वनी तपासणाऱ्या मोफत प्रणालीत तिसरा फॉर्मंट पाहायचा. फॉर्मंट शोधायची कमाल मर्यादा पुरुषांच्या आवाजाला ५,००० हर्ट्‌झ, स्त्रियांना ५,५०० ठेवायची, नाहीतर प्रणाली दुसऱ्या फॉर्मंटलाच तिसरा समजून भलताच आकडा देते. आणि मराठी कानाने अमेरिकी ‘र’ टिपताना शब्दाची छापील अक्षरं डोळ्यांसमोर आणायची नाहीत. ‘र’ लिहिलेला माहीत असला की तो नसतानाही ऐकू येतो, आणि आपल्यासारखा आपटता ‘र’ अपेक्षित असेल तर असलेलाही निसटतो.

फलाटाच्या योजनेत तरी एक भोक राहतंच. प्रश्न जमला, शब्द जमला, पण फलाट माणसं निवडत नाही. तिथे सगळ्या थरांचे लोक एकाच गर्दीत उभे, आणि कोण कुठला हे विचारल्याशिवाय कळणार नाही. पहिल्या वर्गाच्या डब्यासमोर आणि दुसऱ्या वर्गाच्या डब्यासमोर वेगवेगळं विचारून पाहता येईल, पासाच्या किमतीत फरकही मोठा आहे. पण तिसरी पायरी कुठून आणायची? मेसीज नसतं, तर सॅक्स आणि क्लाइन यांच्यात ‘जास्त’ आणि ‘कमी’ याखेरीज काही दिसलं नसतं.